बुडवायला केलेली होडी

पेणमध्ये चित्रकलेचा शिक्षक असणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणं. मी फळ्यावर सोंडेचं वळण काढायचो आणि मागच्या बाकावरून एखादं हमरापूरच्या मूर्तिकाराचं कार्टं म्हणायचं, "सर, सोंड चुकली." चुकलेलीच असायची. अशा गावात निवृत्त झालेल्या माणसानं हाताची घडी घालून गप्प बसावं. मीही बसलो होतो. फक्त बसायची जागा चुकली. मी एझ्राभाऊंच्या ओट्यावर बसलो.

एझ्रा रोहेकर आमचे शेजारी. आडनाव रोह्याचं, घर पेणचं, नोकरी धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर. आमच्या आळीत एकेकाळी बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं ओळीनं होती. शुक्रवारी सूर्य कलला की प्रत्येक घरात दिवा लागायचा, आणि खाडीवरून येणारा वारासुद्धा जरा दबकत यायचा. मग एकेक घर तिकडे इस्रायलला गेलं. दिवे गेले, ओटे राहिले. आता एझ्राभाऊ तेवढे उरले होते, आणि त्यांची लेक रेचल अश्दोदहून रोज फोन करून म्हणत होती, "पप्पा, या आता." प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पेण आणि रोहा मिळून हाताच्या बोटांवरसुद्धा भरत नव्हते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. गुडघे दुखत होते. न जाण्यासारखं एकच कारण शिल्लक होतं, आणि ते संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचा चहा पीत होतं.

एका संध्याकाळी रेचलनं फोनवर एक चित्रफीत पाठवली. कुठल्याशा समुद्राच्या तळाशी माणसांचे पुतळे उभे होते. कोणी हातात हात घालून, कोणी खुर्चीवर बसून. खांद्यांवर प्रवाळ फुललेलं, ओंजळीत मासे. एझ्राभाऊंनी ती तीनदा पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, आमची होडीपण अशीच असेल बघा तळाशी. नवगावच्या समोर."

ही होडी आम्हाला सगळ्या आळीला ठाऊक होती. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज आपल्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या असं ते सांगतात. बाकी सगळं खाली. माणसं, भांडीकुंडी, पोथ्या.

"तिच्यावर अशी फुलं आली असतील?" त्यांनी विचारलं.

त्या वेळी मी 'आली असतील' एवढं म्हणून चहाचा कप खाली ठेवला असता, तर आज ही हकिगत सांगायची वेळ आली नसती. पण माझ्यातला चित्रकार, जो चाळीस वर्षं हमरापूरच्या पोरांनी दाबून ठेवला होता, तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, "तशी होडी आपण करू. सिमेंटची. खाडीच्या तोंडाशी तळाला ठेवू. माशांना घर होईल, तुमची आठवण राहील."

"पुतळे नकोत हां. आमच्यात चालत नाहीत."

"नुसती होडी."

एझ्राभाऊंनी फोन पालथा ठेवला. "बरं," ते म्हणाले. "रेचलला सांगतो. होडी पाण्यात गेलेली बघितली, की निघतो."

हे ऐकलं मात्र, माझ्या मनात एक विचार आला. होडी झाल्याशिवाय एझ्राभाऊ जाणार नव्हते. आणि परवानगी मिळाल्याशिवाय होडी होणार नव्हती. आपल्या शासनव्यवस्थेवर माझा इतका भरवसा त्याआधी कधीच बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आळीत बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. समोरचे म्हणाले, सिमेंट कशाला, फायबर घ्या. त्यांचे जावई म्हणाले, फायबर कशाला, जुनी रिक्षा बुडवा. आमच्या कुटुंबानं फक्त एवढंच विचारलं, "ती बघायला पाण्याखाली जाणार कोण? तुम्हाला तर पावसात छत्री धरूनसुद्धा सर्दी होते." तेवढ्यात बायजाबाई आली. ही कोळीण आमच्या आळीला कित्येक वर्षं मासळी घालते. कुणाच्या घरी काय चालतं हे तिला पाठ. एझ्राभाऊंच्या दारात ती पाटीतली कोलंबी आणि चिंबोरी कधी उघडीसुद्धा करायची नाही, कारण त्यांच्या धर्मात खवलं असलेलाच मासा चालतो. त्यांच्यासाठी ती बोय, म्हणजे खाडीतले खवलंवाले मासे, वेगळे काढून ठेवायची, वर ओला फडका घालून.

"मास्तर," ती पाटी उतरवत म्हणाली, "खाडीचं पानी कदी बगितलंस का? हात घातला तं हात दिसत नाय. तुजी होरी कोनाला दिसनार?"

"माशांना दिसेल, बायजाबाई."

"मासली हाय कुटं? आदी फाटक्या जाल्यात तरी बोय यायचे. आता पिशव्या येतात आनि मोडक्या गनपतींचे हात येतात." तिनं एझ्राभाऊंकडे पाहिलं. "पन घर बांदलंस तं येतीलसुदीक. घर नाय म्हनून जातात, असं पन असतंय."

एझ्राभाऊंनी मान खाली घातली आणि बोय निवडायला घेतले.

मी अर्ज घेऊन पेणच्या कार्यालयात गेलो. तिथं एक सज्जन बसले होते. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"विसर्जन का?"

"नाही. स्थापना."

"पाण्यात?"

"तळाशी."

"म्हणजे भराव."

"भराव नाही हो. होडी आहे."

"होडी असेल तर नोंदणी लागेल. इंजिन किती ताकदीचं?"

"इंजिन नाही. ती बुडालेली असणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बुडालेली होडी तुम्ही नवीन करणार?"

"हो."

"आणि मग बुडवणार?"

"हो."

"आणि मग नुकसानभरपाई मागणार?"

चाळीस वर्षं मुलांना आकाश निळं आणि डोंगर तपकिरी रंगवायला लावणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल एवढा संशय कुणी घेतला नव्हता. मी दुखावलो. पण आतून सुखावलोही. सज्जनांनी सांगितलं की हा विषय साहेबांचा, आणि साहेबांकडे रोह्याचाही अतिरिक्त कार्यभार आहे, तेव्हा रोह्याला जावं.

मी रोह्याला जाऊ लागलो. मी रोह्याला पोचायचो तेव्हा साहेब पेणला निघालेले असायचे. मी पेणला परतायचो तेव्हा ते रोह्याला. भिसे खिंडीच्या वळणावर आमच्या गाड्या दर खेपेला एकमेकींना ओलांडत असाव्यात. मी प्रत्येक पांढऱ्या जीपला खिडकीतून नमस्कार करायचो. कुंडलिका नदीच्या पुलावर उतरून उगाच थोडं उभं राहायचो, मग परतीची गाडी धरायचो. कंटाळा आला का? अजिबात नाही. प्रत्येक खेपेला एझ्राभाऊंचं जाणं आठवडाभर पुढं ढकललं जात होतं. दिवाळी झाली. नाताळ झाला. रेचलचा फोन आला की एझ्राभाऊ सांगायचे, "अगं, मास्तरांचं काम अडकलंय." मी छाती फुगवून पुढच्या एसटीची वेळ बघायचो.

परत यायला रात्र व्हायची. एझ्राभाऊंच्या ओट्यावरचा दिवा मालवलेला असायचा. पायरीवर माझा कप, बशीनं झाकलेला. चहा गार.

आणि मग घात झाला. एका सकाळी मी कार्यालयात शिरलो आणि साहेब खुर्चीत होते. तरुण होते, हसरे होते, वर्तमानपत्र वाचणारे होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला. "करायलाच पाहिजे! समुद्र वाचवायचा तर अशीच माणसं पुढं यायला हवीत. विषारी रंग नको, प्लास्टर नको, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांना धक्का नको. बाकी माझ्यावर सोडा." आठवड्यात परवानगी हातात. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक कार्यक्षम अधिकारी, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला यावा! दैव दुसरं काय.

आता होडी करणं भाग होतं. हमरापूरचा प्रदीप माझा विद्यार्थी; सोंड चुकली म्हणणाऱ्यांतला पहिला. त्याचा मूर्तींचा कारखाना. माघी गणपती आटोपल्यावर तो मोकळा झाला. मी त्याला माझं चित्र दिलं. सांगायला संकोच वाटतो, पण चित्र सुंदर होतं. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, डौल, कडेच्या फळ्यांचं वळण, सावल्यासुद्धा डाव्या हाताच्या उजेडाच्या. प्रदीप बघतच राहिला.

"सर, जलमात पहिल्यांदा सोंड नसलेलं काम करतोय. हात मोकळा मोकळा वाटतोय."

त्यानं शाडूची होडी घडवली, तिचा साचा काढला, साच्यात जाळी आणि काथ्या घालून सिमेंटचा थर चढवला. एझ्राभाऊंना घेऊन मी बघायला गेलो तेव्हा अंगणात ती उपडी ठेवलेली होती. कारखान्यातल्या चौघांनी तिला अलगद उचलून सरळ केलं. प्रदीपच्या तोंडावर तेज आलं. "वजन बघा, सर! आमचा माल म्हंजे असा. गच्चीवर न्या, ट्रकात चढवा, बोटाला कळायचं नाय."

हे खरं आहे. पेणच्या मूर्तिकाराची अब्रू मूर्तीच्या हलकेपणात असते. जड मूर्ती केली तर शेजारचा कारखानदार हसतो. आतून पोकळ, भिंत पातळ, पृष्ठभाग असा गुळगुळीत की पाण्याचा थेंब शिरायचा नाही. प्रदीपनं बापजाद्यांपासून चालत आलेली सगळी विद्या त्या होडीत ओतली होती. मी नाळेवरून हात फिरवला आणि म्हणालो, "वा! अगदी फुलासारखी झालीय."

बुडवायच्या वस्तूला मी फुलासारखी म्हणालो. हे वाक्य माझ्या श्राद्धाच्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही.

एझ्राभाऊ वाकले. कडेखाली चार बोटं घालून त्यांनी होडी जराशी उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "छान आहे."

तेवढ्यात प्रदीपची बायको करिश्मा रंगाची वाटी घेऊन आली. कारखान्यातली आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, तिचं. आम्ही काही म्हणायच्या आत तिनं होडीच्या दोन्ही बाजूंना दोन डोळे काढले. लांबट, काळेभोर, मधे पांढरा ठिपका. होडीला एकदम जाग आली.

एझ्राभाऊ एक पाऊल मागं सरले. "मास्तर, ही बघतेय."

"करिश्मा, अगं डोळे कशाला?"

"डोळ्यांशिवाय आमच्याकडून काय बाहेर जात नाय, सर. आनि खाली अंधार असनार ना? तिला दिसायला नको?"

"पण डोळे आले म्हणजे मूर्ती झाली," एझ्राभाऊ हळूच म्हणाले.

"मग पुसते. पन उघडलेले डोळे मिटायचे नसतात, काका."

एझ्राभाऊ पुन्हा एक पाऊल पुढं आले. "राहू दे बेटी," ते म्हणाले. "आमची होडी एवढ्या लांब आली, तर बघू दे. पण कोणी हात जोडायचे नाहीत हां. सांगून ठेव सगळ्यांना."

"व्हय काका," असं म्हणून करिश्मानं होडीला हात जोडले.

धक्क्यावरचा हिरामण, ज्याची मासेमारीची होडी आम्ही ठरवली होती, त्यानं उधाणाची भरती शनिवारची सांगितली. एझ्राभाऊ म्हणाले, शनिवारी नाही. त्यांचे पूर्वज इथं तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. "घाणा थांबायचा तर होडी थांबणार नाही?" हिरामण चिडला. "समिंदर काय कॅलेंडर बगून येतो का?" पण शेवटी रविवार ठरला. पाणी थोडं कमी, पण बुडवायला पुरे. रेचलनं तिकीट मंगळवारचं काढलं.

रविवारी धक्क्यावर आख्खी आळी, अर्धं हमरापूर आणि जवळपासचा कोळीवाडा जमला. मी एक लहानसं भाषण केलं. सागरतळ, मत्स्यजीवन, मानवाची जबाबदारी. बायजाबाई तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "वोहोटी लागंल मास्तर, आवर." मी आवरलं. मोरया म्हणायचं नाही, टाळ वाजवायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत हे सगळ्यांना बजावलेलं होतं, त्यामुळे पेणच्या माणसांना पाण्याकाठी करायला काहीच उरलं नव्हतं. सगळे पाहुण्यांच्या घरी चुकून लवकर आल्यासारखे उभे होते.

"दोरी बांधायची का?" प्रदीपनं विचारलं.

"बुडनारीला दोरी कशाला?" हिरामण म्हणाला.

फळीवरून होडी सोडली. ती सरकली, पाण्याला टेकली, आणि इतका वेळ दाबून धरलेला कुणाचा तरी गळा सुटला, "गणपती बाप्पा—"

"मोरया!" सगळा धक्का गरजला. एझ्राभाऊंनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा होडी पाण्यावर होती. पाण्यावर, वर, मस्त. एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, पदर सावरावा तशी सावरली आणि करिश्मानं काढलेले डोळे खाडीच्या तोंडाकडे लावून डुलायला लागली.

 आपल्याकडे पाण्यात सोडलेली वस्तू परत वर आली की तिच्याशी काय बोलायचं ते कुणाला माहीत नसतं.

"आत्ता बुडंल," हिरामण म्हणाला. "दम धरा."

आम्ही दम धरला. होडीनंही धरला. ओहोटी लागली आणि ती निघाली.

"दगड टाका रे तिच्यात!" मी ओरडलो.

"दगड?" प्रदीप माझ्यावर धावून आला. "सर, फुटंल ना ती!"

पोरांनी तरीही फेकले. सगळे पाण्यात पडले. कुणीतरी श्रद्धेनं नारळ फेकला, तो मात्र नेमका होडीत जाऊन बसला. हिरामणनं आपल्या होडीचं इंजिन सुरू करायला घेतलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि गप्प झालं. आमची होडी वळणावर एकदा थांबल्यासारखी झाली, आणि तिवरांच्या आड गेली. बायजाबाईनं कंबरेवर हात ठेवले आणि लांब सुरात म्हटलं,

भरतीच्या गो पान्याला वोहोटीची ओढ,
जानाऱ्या पाव्हन्याची नको लावू खोड.

मी एझ्राभाऊंना शोधलं. ते धक्क्याच्या दगडावर बसले होते आणि हसत होते. असे हसत होते की त्यांना श्वास घेता येईना. बायको गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. बुडाली नाही! म्हणजे काम अपुरं! म्हणजे पुन्हा जाड होडी, पुन्हा परवानगी, पुन्हा रोहा. मंगळवारचं तिकीट गेलं खाडीत. मी मनातल्या मनात हात जोडले. ते जोडायला कुणी मनाई केलेली नव्हती.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी पोलिसांचा निरोप आला. खाडीत एक बेवारस होडी फिरत असल्याचं कुणीतरी कळवलं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर अनोळखी होडी ही काही हसण्यासारखी गोष्ट नाही. मला बोलावण्यात आलं. तिथले अधिकारी फार अदबीनं वागले. ती अदबच जास्त लागली.

"होडी तुमची?"

"माझी. म्हणजे, ती होडी नाही."

"मग काय आहे?"

"शिल्प आहे. समुद्रतळावरचं."

त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "तळावरचं?"

"सध्या वर आहे."

"आत कोण होतं?"

"एक नारळ."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सर, मी तुमच्या शाळेत होतो. तुम्ही मला चित्रकलेत नापास केलं होतं." त्यानंतर त्यांनी मला चहा पाजला आणि जायला सांगितलं. तो चहा मी आयुष्यभर विसरणार नाही.

संध्याकाळच्या भरतीबरोबर होडी परत आली. खाडीच्या आतल्या वळणावर एका जुन्या खुंटाला धडकली, तळाला भेग गेली, आणि तिवरांच्या मधोमध चिखलात कलती होऊन बसली. ओहोटीला सगळी उघडी, भरतीला सगळी पाण्याखाली. तिथून काढायची म्हटलं तर तिवरांना धक्का लागणार. मी हसऱ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "काढता येणार नाही. पण छान झालं! आता तिला तिथंच राहायला परवानगी आहे असं समजा."

सोमवारी संध्याकाळी मी एझ्राभाऊंच्या घरी गेलो. दार उघडं होतं. आत ते मलिद्याची तयारी करत होते. त्यांच्यात शुभकार्याला, नवसाला, प्रवासाला निघताना एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात: पेणचे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. बाजूला बांधलेली पेटी होती.

"हे काय? होडी अजून बुडाली नाही," मी म्हणालो.

"पाण्यात गेली ना? मी तेवढंच म्हटलं होतं."

"आपण दुसरी करू. जाड. प्रदीप तयार आहे."

ते खोबरं खवायचं थांबले. "मास्तर, आमची होडी एकदाच बुडायची होती. ती बुडून झाली. आता दुसऱ्यांदा बुडवायला निघालात तर ती कशी बुडेल?" मग म्हणाले, "ती बुडणार नाही हे मला हमरापूरलाच कळलं होतं. जन्मभर बॉयलर आणि पाण्याच्या टाक्यांमध्ये काम केलंय मी. हात लावून बघितला ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"मी? काय?"

ते पोह्यांत गूळ कालवायला लागले. मी उभा राहिलो. माझ्या जिभेवर दोन शब्द आले होते, फक्त दोन, आणि धक्क्यावर भाषण करणारा माणूस मी, पण तेवढे दोन बाहेर काढायला मला काही जमेना. त्यांनी माझ्या हातावर मलिदा ठेवला. मी खाल्ला. गोड होता. मंगळवारी पहाटे गाडी आली तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी "या" म्हटलं, एझ्राभाऊंनी "येतो" म्हटलं, जसं आपल्याकडे म्हणतात, आणि गेले.

नंतर हिशेब लागला. एझ्राभाऊंचा इथला शेवटचा हिवाळा मी एसटीत घालवला होता. त्यांना थांबवण्यासाठी मी इतका पळालो, की ते थांबले होते तेव्हा त्यांच्याजवळ बसायचंच राहिलं. ते थांबलेले होते ओट्यावर, चहा झाकून, आणि मी भिसे खिंडीत जीपला नमस्कार करत होतो. परवानगीचा कागद, प्रदीपचा साचा, साहेबांचा उत्साह, सगळं खरं. पण खरं काम ओट्यावर होतं, आणि त्याला कुणाचीच परवानगी लागत नव्हती.

आता मी रोज ओहोटीला खाडीच्या बांधावर जाऊन बसतो. आमची ही म्हणते, बसायचंच होतं तर घरात खुर्ची होती. होडीचा एक डोळा चिखलात गेलाय, एक वर आहे. कडांवर कालवं चिकटली आहेत. आत चिखलातल्या निवट्या उड्या मारतात. वर एक बगळा असतो, तो मला बघून जागा बदलत नाही. मी त्याला नमस्कार करतो. सवय.

परवा मी तिथं असतानाच एझ्राभाऊंचा फोन आला. तिकडे ऊन आहे म्हणाले. गुडघे बरे आहेत. नातवाला मराठी येत नाही, फक्त 'चहा' येतं.

"होडीत राहायला कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"चिंबोऱ्या आल्यात."

"म्हणजे आमच्या कामाचं नाही. आणखी?"

"कोलंबी आहे थोडी, बायजाबाई म्हणते."

"तीपण नाही. खवलंवाला एकपण नाही?"

बायजाबाई माझ्या शेजारी बसून पाटी धूत होती. तिनं मान हलवली. "अजून नाही," मी म्हणालो.

 पाणी भरायला लागलं होतं. तिवरांच्या मुळांतून येताना ते बारीक आवाज करतं, कुणीतरी अनवाणी चालत यावं तसा. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून ते दोन शब्द आपले आपणच बाहेर पडले.

"जाऊ नका."

 मला वाटलं फोन तुटला. मग एझ्राभाऊंचा आवाज आला, हसरा, पण हसण्याच्या खाली काहीतरी असलेला.

"परवानगी मिळायला एवढा वेळ लागला, मास्तर?"

 होडीत पाणी शिरलं. आधी तळ गेला, मग नारळ अडकलेला कोपरा, मग कडा. शेवटी तो एक डोळा तेवढा पाण्याच्या वर राहिला आणि मग तोही गेला. त्याच जागी काहीतरी चमकलं आणि पाणी वाजलं.

"काय वाजलं?" एझ्राभाऊंनी विचारलं.

बायजाबाईनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "बोय!" ती फोनात ओरडली, फोनचा काही उपयोगच नसल्यासारखी. "बोय उराला पान्यातून, एझ्राशेट! ह्यो एवरा! तुमच्यातला, खवलंवाला!"

मला दिसला नव्हता. तिला दिसला का, ते मी विचारलं नाही. खाडीचं पाणी ते. हात घातला तर हात दिसत नाही.